दिवाळीचा किल्ला: शातोनफ-द-राँदों आणि बेर्त्राँ द्यू गेक्लँ

नौपाड्यातल्या जुन्या वाड्यांपासून घोडबंदर रोडवरच्या टॉवरांपर्यंत ठाण्यात दिवाळीला किल्ले होतात, आणि ते बहुतेक सगळे महाराजांचे असतात. ते तसेच होत राहोत. ही कृती त्या सोसायटीसाठी आहे जिथे एक किल्ला ठरलेला आहे आणि दुसऱ्यासाठी जागा, माती आणि उत्साही मुलं उरली आहेत. दुसरा किल्ला फ्रान्समधला: शातोनफ-द-राँदों. याच्या वेढ्यात १३ जुलै १३८० रोजी फ्रान्सचा सरसेनापती बेर्त्राँ द्यू गेक्लँ आजारपणाने वारला. डोंगर त्याच्या शेवटच्या वेढ्याचा करायचा आणि शेजारी जमिनीवर रांगोळीचा नकाशा काढून त्यावर त्याचं आयुष्य मांडायचं.

सामान आणण्याआधी एक गोष्ट पक्की करा. मुलांना फक्त विजय दाखवावेसे वाटतात. या माणसाच्या बाबतीत ते चालत नाही. तो मोठ्या मोकळ्या मैदानातल्या लढाया दोनदा हरला आणि दोन्ही वेळा कैद झाला. फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यातल्या शंभर वर्षांच्या युद्धात इंग्रजांच्या हाती गेलेला मुलूख त्याने सोडवला तो छापे घालून, शत्रूला उपाशी ठेवून आणि एकेक ठाणं घेऊन. हार गाळली तर त्याने लढाया टाळायचं धोरण का धरलं, हे बघणाऱ्याला कळतच नाही. म्हणून नकाशावर ओरे आणि नाहेरा ही हरलेली ठिकाणं हवीतच, तीही विजयाच्या ठिकाणांइतक्याच मोठ्या पाटीसह.

उच्चार पहिल्या दिवशीच बसवून घ्या. इंग्रजी स्पेलिंग वाचून मुलं ‘डू गुएस्क्लिन’ म्हणतात आणि एकदा बसलेलं नाव जात नाही. ‘द्यू गेक्लँ’: मधला ‘स’ उच्चारत नाहीत, शेवटचा ‘न’ नाकात जातो.

जागा आणि सामान

दहा फूट बाय सहा फूट जागा लागते. उजवीकडे चार फूट व्यासाचा डोंगर, डावीकडे पाच बाय पाच फुटांचा नकाशा, उरलेली जागा उभं राहायला. माती, विटा आणि पाणी धरून सगळ्याचं वजन अर्ध्या टनाच्या आसपास जातं, तेव्हा पोडियमवर किंवा गच्चीवर करायचा असेल तर कमिटीला आधी विचारा. तळमजल्यावर, भिंतीच्या कडेला, चेंबरच्या झाकणापासून लांब जागा उत्तम. पेव्हर ब्लॉकवर थेट माती टाकू नका. ती फटींत बसते आणि पुढच्या पावसात गटारात जाते. खाली जाड ताडपत्री पसरा आणि तिच्या कडा विटांवर दोन इंच उचलून घ्या.

सामान असं: ६० विटा, ११ घमेली लाल माती (घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांत गोणीने मिळते), साडेतीन घमेली चाळलेली वाळू, ८ गोणपाटं, सुतळीचे दोन गुंडे, चार इंची पीव्हीसी पाइपचे दहा-दहा इंचांचे तीन तुकडे, मुठीएवढे गोल गोटे तीसेक, चार किलो शाडू, चुना, गेरू, काळा पोस्टर कलर, पांढरी, काळी, निळी आणि लाल रांगोळी, ५० ग्रॅम अळीव. अळीव, गेरू, रांगोळी आणि पणत्या जांभळी नाक्याच्या बाजारात एका फेरीत होतात.

कोजागिरीला सुरुवात केली तर वसुबारसेला किल्ला तयार होतो. बारा दिवस पुरतात, पण शाडूची माणसं पहिल्याच दिवशी करायला घ्या. सावलीत सुकायला त्यांना आठवडा लागतो.

डोंगर

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, कारण हातांना सह्याद्रीची सवय असते. आपण नकळत काळे कडे, सोंडा आणि माची काढतो. शातोनफ-द-राँदों ग्रॅनाइटच्या पठारी मुलखात आहे, जवळपास १,३०० मीटर उंचीवर. तिथला दगड राखाडी आणि उतार गोलसर. माथ्यावर दाटीने बसलेलं गाव आणि त्यात किल्ला. तेव्हा सरळ तुटलेला कडा कुठेही नको, आणि गेरूही डोंगराला लावायचा नाही.

विटा उलट्या-सुलट्या रचून अडीच फूट उंचीचा ढीग करा. आत पोकळी राहिली तरी चालते, पण प्रत्येक थर हाताने हलवून बघा. डुगडुगणारी वीट आत्ताच काढली नाही तर चौथ्या दिवशी बुरूज घेऊन खाली येते. माथा चौदा इंचांचा सपाट ठेवा. ढिगावर गोणपाटं टाकून सुतळीने आवळा. मग तीन भाग माती आणि एक भाग वाळू कालवून दोन इंचांचा लेप द्या, तोही एकदम नाही: पहिला इंच एका दिवशी, दुसरा तिसऱ्या दिवशी. एकदम जाड लेप दिला की वरचा भाग सुकून आक्रसतो, आतला ओलाच राहतो आणि बोटभर रुंदीच्या भेगा पडतात. वाळू याच भेगा रोखण्यासाठी आहे. ऑक्टोबरच्या उन्हात काम असेल तर दुपारी ओलं गोणपाट पांघरून ठेवा.

दुसरा लेप ओला असतानाच गोटे अर्धे आत दाबा. पूर्ण वर ठेवलेला गोटा चिकटवल्यासारखा दिसतो आणि सुकल्यावर निसटतो. चुन्यात थोडा काळा रंग घालून राखाडी करा आणि फडक्याने गोट्यांवर टिपा. ब्रश फिरवला तर सिमेंटचा गिलावा वाटतो.

बुरुजांना पाइपचे तुकडे. पाइपच्या गुळगुळीत अंगाला माती धरत नाही, म्हणून आधी सुतळी घट्ट गुंडाळा आणि तिच्यावर माती थापा. तटाला पुठ्ठा वापरू नका. सकाळच्या दवानेच तो मऊ पडतो. मातीचाच तट, तीन इंच उंच. दरवाजा आपल्या गोमुखी पद्धतीचा करू नका. सरळ तटात, दोन बुरुजांच्या मध्ये ठेवा. तोफांची रांग लावायचा मोह होतो. १३८० मध्ये फ्रान्समध्ये तोफा होत्या, पण कमी आणि लहान. एकही नसली तरी चूक ठरणार नाही, दहा लावल्या तर नक्की ठरेल.

परतीचा पाऊस ठाण्यात दुपारनंतर गडगडाट करत येतो. डोंगरावर कायम ताडपत्री झाकली तर माती सुकत नाही, म्हणून भिंतीला दोन खिळे मारून ती गुंडाळून ठेवा आणि ढग आले की सोडा. उतार भिंतीकडून बाहेर ठेवा, नाहीतर पाणी साचून तिचा फुगा बरोबर माथ्यावर फुटतो.

हिरवळीला अळीव. रात्रभर भिजवू नका. भिजल्यावर त्याचा बुळबुळीत गोळा होतो आणि एकाच जागी झुडूप उगवतं. कोरडं अळीव चिमटीने भुरभुरून वरून स्प्रेने पाणी मारा. दोन-तीन दिवसांत कोंब येतात. वसुबारसेच्या चार दिवस आधी पेरा. इमारतींच्या सावलीत याहून आधी पेरलेलं लांबुळकं होऊन आडवं पडतं.

नकाशा

ताडपत्रीवर इंचभर माती थापून सपाट करा, वर गेरूचा हात द्या, वाळल्यावर रांगोळी. प्रमाण: एक इंच म्हणजे दहा किलोमीटर, सरळ रेषेत. वरची बाजू उत्तर.

ठिकाणं अंदाजाने टाकू नका. सुतळीने अचूक बसतात. डाव्या कडेपासून नऊ इंच आणि वरच्या कडेपासून अकरा इंच आत खिळा ठोका: हे दिनाँ. फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या ब्रिटनी प्रांतातल्या या गावाजवळ, ब्रोन इथे, १३२० च्या सुमारास एका लहान सरदार घराण्यात तो जन्मला. दिनाँपासून ३३ इंच उजवीकडे आणि पाच इंच वर दुसरा खिळा: सँ-दनी, पॅरिसशेजारी फ्रान्सच्या राजांचं दफनस्थान. बाकीचं प्रत्येक ठिकाण दोन सुतळ्यांनी ठरतं. दोन ज्ञात खिळ्यांना मापाच्या सुतळ्या बांधायच्या, ताणायच्या, आणि टोकं जिथे भेटतील तिथे ठिपका. सुतळ्या दोन जागी भेटतात. कोशरेलसाठी वरची जागा घ्या, बाकी सगळ्यांसाठी खालची.

कोशरेल: दिनाँपासून २६, सँ-दनीपासून साडेसात.
ओरे: दिनाँपासून ११, सँ-दनीपासून ४२.
पोंव्हालँ: दिनाँपासून साडेअठरा, सँ-दनीपासून साडेवीस.
मोंफेराँ: दिनाँपासून ४९, सँ-दनीपासून ३५.
शिझे: दिनाँपासून २९, मोंफेराँपासून २७.
ल प्वी: दिनाँपासून ५९, मोंफेराँपासून १०.
शातोनफ-द-राँदों: दिनाँपासून ६१, ल प्वीपासून ५.

सुतळी ओली असेल तर माप बदलतं, म्हणून कोरडीच वापरा. शातोनफचा ठिपका खाली उजव्या कोपऱ्यात येतो, म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी. तिथून डोंगरापर्यंत पांढऱ्या रांगोळीची रेघ ओढा. स्पेन या मापात मावत नाही. खालच्या डाव्या कडेवर बाण काढून तिथे नाहेरा आणि माँतियेल या दोन पाट्या लावा. डावीकडे समुद्राला निळी रांगोळी.

कोणत्या ठिकाणी काय दाखवायचं

सुरुवातीची वर्षं थोडक्यात उरका. ब्रिटनीच्या गादीसाठी ब्लवा आणि माँफोर घराण्यांत युद्ध चालू होतं, द्यू गेक्लँ ब्लवांच्या बाजूने रानातून छापे घालत होता, आणि १३५४ मध्ये मोंम्युराँच्या चकमकीनंतर त्याला नाइट केलं गेलं. १३५६-५७ मध्ये इंग्रजांनी रेनला घातलेल्या वेढ्यात त्याने शहराला मदत केली आणि त्याचं नाव पॅरिसपर्यंत पोहोचलं. यासाठी एक पाटी पुरे.

खरा वेळ कोशरेलला द्या, कारण ती लढाई हाताने हलवून दाखवता येते. चार इंच उंच टेकाड करा, समोर निळ्या रांगोळीने अर नदी, तिच्यावर काडेपेटीच्या काड्यांचा पूल. टेकाडावर फ्रान्सच्या राजाशी वैर असलेल्या नाव्हारच्या राजाचं सैन्य, सेनापती काप्ताल द ब्यूश. खाली द्यू गेक्लँ. १६ मे १३६४. टेकडी चढून हल्ला करण्यात त्याचं मरण होतं, म्हणून त्याने माघारीचं सोंग केलं. फौज पुलाकडे वळवलेली पाहून वरचे उतरले, तसा तो उलटला आणि राखून ठेवलेली तुकडी बाजूने आदळली. काप्ताल कैद झाला. गोष्ट सांगणाऱ्या मुलाने आधी खालची माणसं पुलाकडे सरकवावीत, मग वरची उतरवावीत, मग खालची परत फिरवावीत. हा क्रम उलटा झाला की लढाई कळत नाही. तीन दिवसांनी, १९ मे रोजी, रँसला फ्रान्सचा राजा शार्ल पाचवा याचा राज्याभिषेक झाला. विजयाची वेळ इतकी नेमकी होती, हे पाटीवर जरूर घ्या.

लगेच त्याच वर्षी २९ सप्टेंबरला ओरे. ब्लवाचा शार्ल मारला गेला, द्यू गेक्लँ इंग्रज सेनापती जॉन चांडोसच्या हाती लागला. सुटकेसाठी खंडणी १,००,००० फ्रँक. हा आकडा मुलांना वजनात सांगा. त्या वेळचा सोन्याचा फ्रँक जवळपास ३.९ ग्रॅमचा, म्हणजे एकूण सुमारे ३९० किलो सोनं. किल्ल्याला जितकी माती लागली तिच्याहून वजनाने जास्त.

मग स्पेन. लढाई नसताना गावं लुटणाऱ्या भाडोत्री टोळ्या फ्रान्समधून बाहेर काढायच्या होत्या. द्यू गेक्लँ त्यांना घेऊन स्पेनमधल्या कास्तीलच्या गादीसाठी राजा पेद्रो आणि त्याचा सावत्र भाऊ एन्रिके यांच्यात चाललेल्या भांडणात उतरला आणि १३६६ मध्ये एन्रिकेला गादीवर बसवलं. ३ एप्रिल १३६७ रोजी नाहेराला समोर पेद्रोच्या बाजूने इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड आला. मोकळ्या मैदानात लढू नका, हा सल्ला एन्रिकेने ऐकला नाही. फौज मोडली, द्यू गेक्लँ पुन्हा कैद. परत सुटून आल्यावर मार्च १३६९ मध्ये माँतियेलला पेद्रोचा पराभव झाला आणि काही दिवसांत पेद्रो मारला गेला. त्या रात्रीचा खून मुलांना दाखवायची गरज नाही.

२ ऑक्टोबर १३७० रोजी राजा शार्ल पाचव्याने द्यू गेक्लँला सरसेनापती केलं. लहान घरातल्या माणसाला हे पद मिळणं त्या दरबारात मोठी गोष्ट होती. पदाची खूण म्हणजे राजाने हाती दिलेली तलवार. दोन महिन्यांत, ४ डिसेंबरला, रात्रभर घोडी दामटून त्याने पोंव्हालँला इंग्रजांची एक तुकडी गाठली. शत्रूचे सरदार आपसात भांडून वेगळे झाले होते आणि त्याने त्यांना परत एकत्र येऊ दिलं नाही. १३७२ मध्ये प्वातिए आणि ला रोशेल परत मिळाली, २१ मार्च १३७३ ला शिझेची लढाई जिंकली. तो वारला तेव्हा इंग्रजांकडे कॅले, बोर्दो, बायोन अशी बहुतेक किनाऱ्यावरचीच ठाणी उरली होती. त्यासाठी नकाशावर इंग्रजांच्या मुलखाची लाल रांगोळी आधी भरपूर भरून ठेवा आणि गोष्ट सांगताना ब्रशने झाडत किनाऱ्याकडे न्या. एका खेळानंतर ती परत भरावी लागते, म्हणून लाल रांगोळी दोन किलो जास्तीची आणा.

माणसं आणि निशाण

बाजारातले मावळे इथे चालणार नाहीत. तीन इंची माणसं शाडूची करा: गडावर बारा, वेढ्यात पंचवीस. कण्याला तार घाला, पण तारेला आधी कागद गुंडाळा, नाहीतर शाडू सुकताना तिच्यावर तडकतो. १३७०-८० च्या फ्रेंच सैनिकाचं डोकं टोकदार शिरस्त्राणात, गळ्याभोवती कड्यांची जाळी, छातीवर आखूड घट्ट अंगरखा, हातापायांना पत्रे. नखशिखान्त चकाकणारं चिलखत पुढच्या शतकातलं. द्यू गेक्लँ ठेंगणा, रुंद खांद्यांचा आणि सावळा करा. त्याच्या मृत्यूनंतर लवकरच क्युव्हेलिए या कवीने त्याच्यावर वीस हजारांहून जास्त ओळींचं काव्य रचलं. ते कौतुकाने भरलेलं आहे, तरी त्यातही तो कुरूप होता हे स्पष्ट म्हटलंय. त्याला देखणा करू नका.

निशाण: पांढऱ्यावर काळा दुतोंडी गरुड, चोच आणि पाय लाल, आणि सगळ्यावरून तिरका लाल पट्टा. याच क्रमाने रंगवा, गरुड पूर्ण सुकल्यावरच पट्टा, नाहीतर लालात काळा उतरतो. पट्टा बघणाऱ्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यात जातो. झेंड्याच्या मागच्या बाजूला चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं, कारण पट्टा काठीकडच्या वरच्या कोपऱ्यातून निघाला पाहिजे. आपल्याकडचा गंडभेरुंड डोळ्यांसमोर ठेवून काढलं तर पंजात हत्ती येतात. या गरुडाचे पंजे रिकामे असतात.

शेवटचा देखावा आणि पाट्या

डोंगराच्या पायथ्याशी तंबू, त्यात ताटी, तिच्यावर छोट्या किल्ल्या. आख्यायिका अशी की गडावरच्या इंग्रजांच्या बाजूच्या शिबंदीने ठरल्या दिवशी शरण यायचं वचन दिलं होतं. सेनापती वारल्याचं कळूनही नायकाने गडाच्या किल्ल्या आणून त्याच्या शवावर ठेवल्या. पाटीवर हे ‘असं सांगतात’ म्हणूनच लिहा. मृत्यूची तारीख मात्र ठामपणे लिहा.

इथून काळ्या रांगोळीने अंत्ययात्रेची रेघ काढा. त्याला दिनाँला पुरायचं होतं. जुलैचा उकाडा, वाट लांब. आतडी ल प्वीला पुरली. मोंफेराँला मांस वेगळं करून तिथेच पुरलं. राजाने अस्थी सँ-दनीला राजांच्या शेजारी नेल्या, आणि फक्त हृदय दिनाँला पोहोचलं. चार ठिकाणी चार पणत्या. लहान मुलांना ‘चार गावांनी त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं’ एवढंच पुरतं. मोठ्यांना सगळं सांगा, कारण राजांच्या रांगेत जागा मिळणं हा या माणसाचा सगळ्यात मोठा मान होता.

पाट्या नऊ, प्रत्येकीवर पस्तीसच्या आत शब्द, अक्षर अर्धा इंच. संध्याकाळी पणत्यांच्या उजेडात याहून लहान वाचता येत नाही. पणत्या डोंगरावर नको, आत गोणपाट आहे. ‘फ्रान्सचा शिवाजी’ असं कुठेही लिहू नका. तो एका राजाचा चाकर सेनापती होता, त्याने राज्य उभं केलं नाही. आडवाटेने गाठून मारण्याच्या पद्धतीत साम्य दिसतं तेवढं बोलून दाखवा आणि थांबा.

तुळशीच्या लग्नानंतर उतरवताना आधी रांगोळी कोरड्या झाडूने गोळा करून पिशवीत भरा. पाणी मारून धुतली तर ती गटारात जाते आणि गेरूचा डाग पेव्हरवर वर्षभर राहतो. माती चाळून सोसायटीच्या कुंड्यांना द्या. चुना लागलेले गोटे वेगळे ठेवा, ते झाडांना नकोत. पाइपचे तुकडे, झेंडे आणि गाठी मारलेल्या मापाच्या सुतळ्या एका खोक्यात घाला आणि प्रत्येक सुतळीवर तिच्या गावाचं नाव लिहून ठेवा.